शिक्षकांच्या समाजवार संघटना : वारसा आणि वाटा

शाळांतील शिक्षक आणि शिक्षकेतर सेवक यांनी आपापल्या समाजाची स्वतंत्र संघटना स्थापन करावी, याचे नांदेड-लातूरच्या परिसरात आता कोणाला नवल वाटत नाही. नववर्षाच्या प्रारंभी अमुक समाजाच्या कर्मचारी संघाची दिनदर्शिका मुख्याध्यापकांच्या टेबलावर येते. त्या समाजातील महापुरुषाच्या जयंतीस मिरवणूक निघते, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो आणि वर्षाकाठी एक वधू-वर परिचय मेळावा पार पडतो. यात आक्षेपार्ह ते काय, असे विचारणारे पुष्कळ आहेत. आणि ज्ञानमंदिरात जात शिरली म्हणून हळहळणारेही तितकेच आहेत. मला या हळहळणाऱ्यांचे अधिक नवल वाटते. जात शाळेत शिरली ती काही संघटनेच्या पत्रकाबरोबर नव्हे. ती प्रवेशअर्जाबरोबर आली, निवृत्त होणाऱ्याच्या जागी कोणाला घ्यायचे या चर्चेतून आली, आणि खाजगी संस्थांच्या बाबतीत तर ती बहुधा संस्थेच्या घटनेवर पहिली सही झाली त्याच दिवशी आली. संस्थाचालकांचे गणगोत हीसुद्धा एक समाजवार संघटनाच असते. तिला नोंदणी क्रमांक नसतो एवढेच.

प्रश्न कायद्याचा नाही. राज्यघटनेच्या 19 व्या अनुच्छेदाने संघटना स्थापण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास दिला आहे आणि शिक्षक हा नागरिक आहे. मात्र संघटना असणे वेगळे आणि मालकाशी वाटाघाटी करण्याचा अधिकार तिला असणे वेगळे. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 1993 मध्ये जे मान्यता-नियम केले, त्यांत जात, जमात किंवा धर्मपंथ यांच्या आधारावर उभ्या राहिलेल्या सेवासंघटनेस मान्यता मिळणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. तत्त्व म्हणून ही रेषा समंजस आहे. तथापि मान्यतेचा दरवाजा बंद केल्याने ज्या गाऱ्हाण्यांतून अशा संघटना जन्म घेतात ती गाऱ्हाणी नाहीशी होत नाहीत.

त्यांचा जन्म कसा होतो हे पाहावयाचे असेल तर पुण्याजवळच्या खडकी येथील स्फोटके संशोधन प्रयोगशाळेत 1960 च्या दशकाच्या मध्यात जे घडले ते आठवावे. डॉ. आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंती या दोन सुट्या तेथील व्यवस्थापनाने यादीतून काढून टाकल्या. दिनाभाना नावाच्या, मूळच्या राजस्थानातील वाल्मीकी समाजाच्या एका चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने त्यास विरोध केला आणि त्यापायी त्याला निलंबन पत्करावे लागले. त्याच प्रयोगशाळेत वैज्ञानिक साहाय्यक असलेल्या कांशीराम यांनी हा प्रश्न हाती घेतला. अखेर सुट्या परत मिळाल्या आणि दिनाभानाही कामावर परत आले. दोन सुट्यांचा हा वाद एखाद्याला क्षुल्लक वाटेल. वर्षातून दोन दिवस कार्यालय बंद राहिले काय आणि न राहिले काय! परंतु सुट्यांची यादी हा कोणत्याही संस्थेचा एक कबुलीजबाबच असतो. कोणाचे स्मरण सर्वांचे मानावयाचे आणि कोणाचे ज्याचे त्याने घरी करावयाचे, हे त्या यादीत लिहिलेले असते. या प्रकरणातून प्रथम पुण्यात मागासवर्गीय व अल्पसंख्य कर्मचाऱ्यांची संघटना उभी राहिली आणि 6 डिसेंबर 1978 रोजी तिला 'बामसेफ' हे देशव्यापी रूप आले.

बामसेफविषयी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ती कामगार संघटना नव्हती आणि तसे तिचे म्हणणेही नव्हते. बढती, बदली, वेतनश्रेणी यांसाठी भांडणे हे आपले काम नव्हे. आरक्षणामुळे ज्यांना शिक्षण आणि नोकरी मिळाली त्यांनी आपला वेळ, पैसा आणि बुद्धी यांचा काही भाग मागे राहिलेल्यांना परत द्यावा, हे तिचे सूत्र होते. पुढे या संघटनेत फूट पडली, तिच्यातून राजकीय पक्ष निघाला, हे सर्व ठाऊकच आहे. परंतु आपण समाजाकडून काय घ्यावयाचे याऐवजी आपण समाजाचे काय देणे लागतो या प्रश्नावर पगारदार माणसांची संघटना उभी करता येते, हे तिने दाखविले. महाराष्ट्रात कास्ट्राईब कर्मचारी महासंघाने याच्या उलट वाट धरली. अनुशेष, बिंदुनामावली आणि बढतीतील अन्याय यांचाच पाठपुरावा केला. त्याचीही गरज होतीच. बिंदुनामावली वेळेवर तपासली जात नाही, हे शाळेतील कोणताही लिपिक सांगेल. 1990 मध्ये पुरुषोत्तम खेडेकर या सरकारी अभियंत्याने मराठा सेवा संघाची स्थापना केली आणि 12 जानेवारीचा सिंदखेडराजा येथील जिजाऊ जन्मोत्सव हे त्याचे मोठे कार्य झाले. संख्येने मोठ्या आणि सत्तेच्या जवळ असलेल्या समाजातील नोकरदारांनाही आपला वारसा आपणच सांगितला पाहिजे असे वाटले, ही घटना लक्षात घेण्याजोगी आहे. आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला ही भावना केवळ दुर्बलांपुरती मर्यादित नसते.

याहून जुना आणि माझ्या मते अधिक बोलका दाखला आपल्याच लोहमार्गावरचा आहे. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते. कामगारांत फूट पाडता, असा आरोप त्यांच्यावर त्या वेळीही झाला होता. आपले शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे त्यांनी त्या परिषदेत सांगितले, हे प्रसिद्धच आहे. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा अभाव; तो सर्वच वर्गांत आढळतो, असा खुलासाही त्यांनी केला होता. त्यामागे मुंबईच्या गिरण्यांचा अनुभव होता. विणकाम खात्यात पगार अधिक. परंतु धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यामुळे विटाळ होतो म्हणून अस्पृश्यांना तेथे प्रवेश नसे. कामगारांच्या ऐक्याची ग्वाही देणाऱ्या लाल बावट्याच्या संघटनांनाही हे खाते सर्वांना खुले करणे जमले नव्हते. ज्या ऐक्यात एकाला एक खातेच बंद असते त्या ऐक्याची शपथ त्याने का घ्यावी? समाजवार संघटनांवर टीका करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या शाळेतील विणकाम खाते कोणते, हे आधी शोधावे. परीक्षेचे काम कोणाकडे जाते? वेळापत्रक कोण लावतो? पर्यवेक्षकपदासाठी ज्येष्ठतायादी कोणाच्या वेळी अचूक असते आणि कोणाच्या वेळी 'वादग्रस्त' होते?

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असेही नाही. न्यूयॉर्क शहरात शंभर वर्षांपूर्वी इटलीहून आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांची जी अवस्था होती ती वाचताना किनवटच्या आश्रमशाळेची आठवण व्हावी. 1891 मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे 11 इटालियनांना जमावाने ठार केले होते. कोलंबस दिन हा इटालियन-अमेरिकनांना इतका जिव्हाळ्याचा का वाटतो याचे मूळ अशा अपमानांत आहे. लिओनार्ड कोव्हेलो हा 1887 मध्ये दक्षिण इटलीतील आव्हिल्यानो गावी जन्मलेला मुलगा लहानपणी तेथे आला. त्याचे मूळ आडनाव कोव्हिएलो. उच्चारास सोपे जावे म्हणून शाळेतील शिक्षिकेने त्यातले एक अक्षर काढून टाकले. तो पुढे शिक्षक झाला आणि इटालियन शिक्षकांच्या संघटनेत त्याने काम केले. त्या संघटनेची प्रमुख मागणी कोणती? फ्रेंच आणि स्पॅनिशप्रमाणे इटालियन भाषाही शाळेत शिकविली जावी, ही. 1922 मध्ये ती मान्य झाली. 1934 मध्ये कोव्हेलो ईस्ट हार्लेममधील बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलचा मुख्याध्यापक झाला आणि पुढे त्या वस्तीत पोर्टो रिकोची मुले येऊ लागली तेव्हा त्याने त्यांच्या भाषेसाठी आणि सन्मानासाठी तीच खटपट केली. निवृत्तीनंतरही तो पोर्टो रिकन स्थलांतरितांच्या शिक्षणाचेच काम करीत राहिला.

त्याच शहराने दुसरे टोकही पाहिले. 1967 मध्ये ओशन हिल-ब्राऊन्सव्हिल भागातील शाळांचे नियंत्रण स्थानिक कृष्णवर्णीय वस्तीच्या मंडळाकडे आले. मंडळाने काही गोऱ्या, बहुतांश ज्यू शिक्षकांना दूर केले आणि 1968 च्या शरद ऋतूत शिक्षक संघटनेने संप पुकारला. शाळांचे 36 दिवस बुडाले आणि सुमारे 10 लाख मुले घरी बसली. एकीकडे कृष्णवर्णीय शिक्षकांची संघटना, दुसरीकडे बव्हंशी ज्यू सभासदांची शिक्षक संघटना. दोघांचीही गाऱ्हाणी खरी होती. एकाला आपल्या मुलांना शिकविणारे आपल्या मुलांकडून काहीच अपेक्षा ठेवीत नाहीत असे वाटत होते. दुसऱ्याला चौकशीवाचून नोकरी जाते हे मान्य नव्हते. त्या संपाने ज्यू आणि कृष्णवर्णीय यांच्यात जो दुरावा आणला तो पुढे पुष्कळ वर्षे टिकला. कोव्हेलोची संघटना भाषेसाठी मागत होती. 1968 चे भांडण जागांसाठी होते. भाषा एकाला मिळाली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. मुख्याध्यापकाची खुर्ची मात्र एकच असते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे मॅन्कर ऑल्सन या अर्थशास्त्रज्ञाच्या 1965 मधील सामूहिक कृतीविषयीच्या ग्रंथाची आठवण होणे साहजिक आहे. सर्वांना मिळणाऱ्या लाभासाठी मोठा समूह सहजासहजी झटत नाही, कारण न झटणाऱ्यालाही तो लाभ मिळतोच, असे त्याचे प्रतिपादन आहे. महागाई भत्ता वाढला तर वर्गणी न भरणाऱ्यालाही तो मिळतो. म्हणून टिकून राहणाऱ्या संघटना सभासदांना, आणि केवळ सभासदांना, काहीतरी वेगळे देतात. 14 डिसेंबर 1977 पासून 54 दिवस चाललेल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या संपाने मिळविलेले सर्वांचे झाले. ते कोणी मिळविले हे आजच्या तरुण शिक्षकास ठाऊकही नसते. याउलट समाजाची संघटना मुलीसाठी स्थळ सुचविते, शहरात शिकणाऱ्या मुलाची वसतिगृहात सोय करते आणि बदलीच्या हंगामात योग्य ठिकाणी शब्द टाकते. हा लाभ ठळक आहे, नावानिशी आहे आणि शेजारच्याला तो मिळत नाही. व्यवसायाची संघटना ओस का पडते आणि समाजाच्या मेळाव्यास मांडव का अपुरा पडतो, याचे उत्तर भावनेत जितके आहे तितकेच या हिशेबात आहे.

या हिशेबाला एक सुखद अपवाद मी पाहत आलो आहे : सेवकांची सहकारी पतसंस्था. कर्ज हवे असेल तर जामीनदार लागतात. जामीनदार पगारदार हवा, निवृत्तीस अवकाश असलेला हवा, त्याच्या डोक्यावर आधीच दोन जामीनक्या नसाव्यात. एवढ्या चाळणीतून आपल्याच समाजाचा माणूस नेमका सापडेल असे नसते. मग जयंतीच्या वर्गणीवरून ज्याच्याशी अबोला होता त्याच्याच टेबलाशी माणूस अर्ज घेऊन जातो, आणि तो सहीही करतो. दुसऱ्याच्या कर्जासाठी आपला पगार गहाण टाकण्याइतका विश्वास आमच्या शिक्षक-दालनांत अजून आहे. सहकाराचे हे यश वार्षिक अहवालात छापले जात नाही.

मराठवाड्याला या बाबतीत स्वतःचा इतिहास आहे आणि तो गुंतागुंतीचा आहे. निजामाच्या राज्यात प्रशासनाची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1918 मध्ये सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच. अशा काळात मराठी भाषेचा वारसा जतन केला तो प्रामुख्याने खाजगी शाळांच्या शिक्षकांनी. हैदराबादची विवेक वर्धिनी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी या केवळ शाळा नव्हत्या. कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलेला एक तरुण हिप्परग्यास शिक्षक होतो आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने एका राज्याच्या मुक्तीचा नेता होतो, हे अन्यत्र क्वचितच घडले असेल. या परंपरेचा अभिमान बाळगताना हेही सांगितले पाहिजे की, त्या पिढीतील शिक्षकवर्ग फार मोठ्या प्रमाणात समाजाच्या एकाच थरातून आलेला होता. त्याला स्वतंत्र संघटनेची आवश्यकता भासली नाही, कारण संपूर्ण शिक्षक-दालन हीच त्याची संघटना होती. आज त्या काळाची आठवण काढून 'तेव्हा जातीचा विचारही मनात येत नसे' असे जे ज्येष्ठ सांगतात, ते खोटे बोलत नाहीत. त्यांच्या मनात तो येत नसे. ज्यांच्या मनात येई ते दालनाबाहेर होते.

मग 27 जुलै 1978 रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि पुढच्या काही दिवसांत नांदेड-परभणीच्या खेड्यांतून दलित वस्त्या जळाल्या. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या याच जिल्ह्यातली. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार होईपर्यंतची ती साडेपंधरा वर्षे आमच्या शाळा-महाविद्यालयांनी कशी काढली, हे प्रामाणिकपणे कोणी लिहून ठेवावयास हवे. एका टेबलावर डबा खाणारी माणसे दोन टेबलांवर बसू लागली. शिक्षकांच्या व्यवसायवार संघटनांनी त्या काळात सर्व सभासदांच्या वतीने जितके निःसंदिग्ध बोलावयास हवे होते तितके त्या बोलल्या नाहीत, असे माझे मत आहे. समाजवार संघटनांच्या वाढीचे एक कारण त्या मौनात शोधावे लागेल.

तेव्हा अशी संघटना स्थापूच नये, असे मी म्हणणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी स्वतंत्र वसतिगृहे काढली आणि त्याच राजाच्या नावाने कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविणारे वसतिगृह चालविले. पहिल्यावाचून दुसऱ्यासाठी मुले कोठून आली असती? परंतु पहिले वसतिगृह हे मुक्कामाचे ठिकाण आहे, घर नव्हे, याची जाण शाहू महाराजांना होती. आमच्याकडील संघटनांची जाण कोठवर आहे, याची परीक्षा त्यांच्या मेळाव्यातील भाषणांवरून करण्यात अर्थ नाही. त्यांचे जमाखर्च पाहावेत. वर्गणीतील किती रक्कम फेटे, शाली आणि मंडपावर गेली आणि किती मुलांच्या शुल्कावर? बदलीसाठी अधिकाऱ्यास भेटावयास गेलेले शिष्टमंडळ आणि वसतिगृहाच्या जागेसाठी गेलेले शिष्टमंडळ, यांची संख्या वेगवेगळी मोजावी. आणि शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीच्या वर्षी त्यांचे मेळावे अचानक दुप्पट होतात की काय, तेही पाहावे. राज्यघटनेने विधान परिषदेतील एक-द्वादशांश जागा शिक्षकांना दिल्या त्या व्यवसायाचा आवाज म्हणून. त्या मतांची समाजवार मोजदाद होऊ लागली, तर विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षे तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्याची दाद कोण घेणार? त्याच्या शाळेच्या परवानगीतील 'कायम' हा शब्द 2009 मध्ये निघाला. अनुदानाचे टप्पे मात्र थेंबाथेंबाने आले. 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आलेल्यांचे जुने निवृत्तिवेतन गेले, ते सर्व समाजांचे गेले. मार्च 2023 मध्ये त्यासाठी सात दिवस संप झाला, तेव्हा निरनिराळ्या समाजांचे लोक एकाच मांडवात बसले होते.

याहून कठीण कसोटीचा एक प्रसंग आमच्याच जिल्ह्याने पाहिला. पटावरील बोगस विद्यार्थ्यांचा प्रकार नांदेड जिल्ह्यात उघडकीस आला आणि त्यानंतर ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर तीन दिवसांची पटपडताळणी झाली. जी मुले केवळ कागदावर होती त्यांच्या नावाने अनुदान उचलले जात होते आणि ज्या वस्त्यांची नावे त्या कागदांवर होती त्यांतली खरी मुले शाळेबाहेर होती. त्या वेळी एखाद्या समाजाच्या कर्मचारी संघाने पुढे होऊन 'आमच्या वस्तीतील शाळेचा पट आम्ही स्वतः तपासतो' असे म्हटल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वारसा सांगणाऱ्याला हे काम आपले वाटावयास हवे होते.

कारण आपल्या भागात वारशाच्या कामाला तोटा नाही. किनवट आणि माहूरच्या डोंगरांत गोंडी आणि कोलामी बोलणारी मुले आहेत. तांड्यांवर गोरबोली आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या सीमेवर घराघरांत तेलुगू आहे. उदगीर-निलंग्याकडे कन्नड आहे. नांदेड शहरात गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी आणि जुन्या वस्त्यांत दखनी आहे. पहिलीच्या वर्गातील यांपैकी पुष्कळ मुलांना बाईंचे पहिले वाक्य कळत नाही आणि पहिल्या सहा महिन्यांतच ती 'कच्ची' ठरतात. मुलाला शक्य तेथवर त्याच्या मातृभाषेतून शिकवावे असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. परंतु ती भाषा येणारा शिक्षक कोठे आहे, याची यादी तो देत नाही. ही यादी बंजारा शिक्षकांच्या संघाकडे आहे, आदिवासी कर्मचाऱ्यांच्या संघाकडे आहे, उर्दू शिक्षकांच्या संघाकडे आहे. त्यांच्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानांवर दूरध्वनी क्रमांकांसह छापलेली आहे. तिचा उपयोग आजवर मुख्यतः लग्ने जुळविण्यासाठी झाला.

या संघांनी येत्या उन्हाळ्याच्या सुटीत एकत्र बसून पहिलीच्या पाठ्यपुस्तकातील तीनशे-चारशे शब्द घ्यावेत, त्यांचे गोरबोली, गोंडी, कोलामी, तेलुगू, दखनी प्रतिशब्द एका पुस्तिकेत लिहावेत आणि ती केंद्रशाळांतून वाटावी. यासाठी मंत्रालयात जावे लागत नाही आणि खर्चही एका सत्कार समारंभाहून अधिक येणार नाही. या बैठकीस दुसऱ्या समाजाचे शिक्षक बोलवावे लागतील, कारण तांड्यावरच्या शाळेतील गुरुजी पुष्कळदा तांड्यावरचे नसतात आणि ही पुस्तिका खरी त्यांनाच हवी आहे. जून उजाडण्यास अवधी आहे.